लावॉनची दावण

सरकारचे पैसे मंगळवारी बँकेत जमा झाले आणि रविवारी सगळे मार्लिसच्या वाढदिवसाला जमले. वाढदिवस खरा गुरुवारी होता. पण त्याचा उल्लेख कुणी केला नाही. त्वेटनांच्या घरात जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, ती बोलायची पद्धत नाही.

खुर्च्या ट्रॅक्टरच्या शेडच्या उघड्या दारात मांडल्या होत्या, एकमेकींपासून चांगल्या लांब. कॅरिन मॅडिसनहून तीन तास गाडी चालवत आली होती आणि तिने घरात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. शहरातून आपण काय घेऊन आलो असू कोण जाणे, असं म्हणून ती आपल्या आईपासून दोन खुर्च्या सोडून बसली. धाकटी असली तरी नियम तीच घालून देते. कर्ट, तिचा मोठा भाऊ, सॉसेजं भाजत उभा होता. त्याची मुलगी ब्रिटा मक्याची कणसं सोलत होती. कर्टची बायको ऱ्हॉन्डा वृद्धाश्रमात ड्युटीवर होती. मार्चपासून तिला रविवार असा मिळालाच नव्हता.

"आई, बटाट्याचं सॅलड छान झालंय," कॅरिन म्हणाली.

"मोहरी जास्त पडली."

"नाही गं, छानच झालंय."

"घे ना मग अजून."

आमच्याकडे भांडण सुरू होतं ते असं. आवाज कुणी चढवत नाही, सॅलड वाढत राहतात.

पैसे दुधाचे होते. साथीत दुधाचा भाव बसला, शाळा आणि हॉटेलं बंद पडली, म्हणून सरकारने शेतकऱ्यांना मदत दिली आणि हिशेब धरला तो जानेवारी ते मार्चच्या दुधाचा. ते दूध देणाऱ्या गायी मे महिन्यातच ट्रेलरमध्ये चढून गेल्या होत्या. एप्रिलमध्ये टीव्हीवर सांगत होते की काहीतरी मिळणार. पण कुणाला, किती, कधी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कर्टने वाट पाहिली नाही. त्याने साठच्या साठ गायी विकल्या. त्या सकाळी मार्लिस स्वयंपाकघरात रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या थापत होती. शेवटचा ट्रेलर वळणावरून दिसेनासा झाल्यावर तिने वड्या कापून ड्रायव्हरांसाठी काढलेल्या डब्यात भरल्या, डबा तसाच फ्रिजमध्ये सरकवला, आणि त्यानंतर त्या विषयावर ती एक अक्षर बोलली नव्हती.

"मला वाटतं," कॅरिनने विषय काढला, "हे पैसे आईच्या घरासाठी ठेवावेत. गावात चर्चमागे त्या नव्या जोडघरांतलं एक रिकामं आहे. पायऱ्या नाहीत. हिवाळ्यात बर्फ लोटायला माणूस येतो."

"आणि मी काय करू तिथे?" मार्लिसने विचारलं.

"आराम."

"तो मेल्यावर आहेच."

ब्रिटाला हसू आलं. कर्टने पाठ वळवून सॉसेजं उलटी केली.

"माझ्या मते गोठ्याच्या छपराचं काम काढावं," तो निखाऱ्यांकडे बघत म्हणाला. "उत्तरेच्या बाजूने गळतंय."

"रिकाम्या गोठ्याला छप्पर कशाला, बाबा?" ब्रिटा म्हणाली. "पाऊस कुणाच्या अंगावर पडतोय?"

कर्टने चिमट्याने उगीच एक चांगलं भाजलेलं सॉसेज पुन्हा जाळावर ठेवलं. आजही पहाटे साडेचारला तो उठला होता, गोठ्यात गेला होता आणि रेडिओचा आवाज वाढवून आला होता. गायींना पोल्काची नाचाची धून आवडते असं त्याचे वडील ऑर्विन म्हणायचे आणि गोठ्यातला तो रेडिओ ऑर्विनच्या मरणाच्या दिवशीसुद्धा बंद झाला नव्हता. गायी गेल्या तेव्हा कर्टने त्याच्या बटणाला हात लावला आणि तसाच काढून घेतला. तेव्हापासून रिकाम्या गोठ्यात दिवसरात्र पोल्का वाजतो. घरात सगळ्यांना ऐकू येतो. कुणी बोलत नाही.

"तुला काय हवंय, आई?" कॅरिनने विचारलं. "पैसे तुझ्या आणि कर्टच्या दोघांच्या नावावर आलेत. तू सांग."

मार्लिसने मांडीवरची ताटली खाली गवतात ठेवली.

"मला लावॉन परत हवीय," ती म्हणाली.

ब्रिटाने हातातलं कणीस खाली ठेवलं.

लावॉन दोन होत्या, आणि आमच्या खोऱ्यात हे कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं. मार्लिसच्या लग्नात तिच्या वडिलांनी तिला एक कालवड दिली होती. तिच्या पोटच्या गायी मार्लिसच्या. त्यांची वासरं विकून आलेल्या पैशांतून पियानो आला होता, कॅरिनच्या कॉलेजचं पहिलं वर्ष पार पडलं होतं. ऑर्विनने त्यात कधी नाक खुपसलं नाही. त्या गायींची नावंही मार्लिसच ठेवायची आणि ती ठेवायची चर्चच्या महिला मंडळातल्या बायकांची. मान होता तो. प्रार्थना संपली की कॉफीच्या टेबलापाशी बायका आपापल्या गायीची चौकशी करायच्या. "फिलिस काय म्हणतेय?" "फिलिसने काल बादलीला लाथ मारली." "मग शोभते माझ्या नावाला!" डेलोरेस हॉगेनच्या गायीला एकदा जुळं झालं, तेव्हा पंच्याहत्तर वर्षांच्या डेलोरेसने मंडळात केक वाटला होता.

आणि लावॉन ब्रेके ही मार्लिसची शाळेपासूनची मैत्रीण. रोज संध्याकाळची धार आटोपली की स्वयंपाकघरातला फोन वाजायचा. पन्नास वर्षं वाजला. लावॉन वृद्धाश्रमात गेल्यावरही वाजत राहिला. जूनमध्ये ती त्या आजाराने गेली. ऱ्हॉन्डा तिच्या खोलीत होती, एवढंच समाधान. दफनाला पाद्री आणि दोन मुलगे. मार्लिसला येऊ नका म्हणून सांगितलं होतं, आणि आयुष्यभर सांगितलेलं ऐकणारी मार्लिस त्याही दिवशी घरी बसली. तो दिवस तिला गिळता येत नव्हता. गाय लावॉन मात्र जिवंत होती, बारा मैलांवर, दुसऱ्याच्या गोठ्यात.

"आई," कर्ट म्हणाला, "एक गाय?"

"ती माझी होती. त्या सगळ्याच माझ्या होत्या. तू विचारलं नाहीस."

तीन महिने फ्रिजच्या तळाशी ठेवलेली गोष्ट अशी एकदाची बाहेर आली. कर्टचे कान लाल झाले.

"हिशेब जुळत नव्हता," तो म्हणाला. "सांगितलं होतं मी. चारा, वीज, सगळं बघितलं होतं."

"हिशेबाचं नाही विचारलं मी."

"केक कापायचा का?" कॅरिन घाईघाईने म्हणाली.

"आधी मला त्यांना बघायचंय," मार्लिस उठत म्हणाली. "केक कुठे पळून जात नाही."

*

दोन गाड्यांतून ते निघाले. कर्टच्या ट्रकमध्ये ब्रिटा, कॅरिनच्या गाडीत मागच्या सीटवर मार्लिस, खिडक्या खाली केलेल्या. वाटेत मक्याची शेतं छातीपर्यंत आली होती. कॅरिन आरशात आईला बघत होती. केस वाऱ्याने विस्कटले होते आणि मार्लिस ते नीट करत नव्हती. नाताळपासून आपण हिला जवळ घेतलं नाही, हे कॅरिनला त्या आरशात इतकं स्पष्ट दिसलं की तिने रस्त्यावर नजर घट्ट रोवली. जोडघर, पायऱ्या, बर्फ हे सगळं बोलणं त्यासाठीच होतं. आई कुठेतरी सपाट, सुरक्षित जागी असावी, म्हणजे मॅडिसनमध्ये झोप येईल. आईला काय हवंय हे तिने आजपर्यंत खरं विचारलंच नव्हतं, आणि विचारलं तर उत्तर गाय निघालं.

ग्रेग वेस्टफेल्डची डेअरी म्हणजे गोठा नव्हे, गावच. लांबच लांब पत्र्याची छपरं, मोठे पंखे, आणि मधल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गव्हाणीत तोंड घालून उभ्या असलेल्या हजारभर गायी. ग्रेग हनुवटीखाली मास्क ओढून त्यांची वाट बघत होता. भला माणूस. मे महिन्यात भाव पडलेला असताना त्याने कर्टच्या गायींना घासाघीस न करता दाम दिला होता.

"बघा की, मार्लिसबाई," तो म्हणाला. "पण आता ओळखायला यायच्या नाहीत हं. सगळ्यांना पिवळे बिल्ले. नंबर सांगितला तर कॉम्प्युटरवर शोधून देतो."

"नंबर नाही माहीत," मार्लिस म्हणाली. "नाव माहितेय."

ती रस्त्याच्या मधोमध गेली, तोंडापाशी दोन्ही हात धरले आणि तिने हाक दिली.

"कंबॉऽस! कंबॉऽस!"

आमच्या खोऱ्यात गायी याच हाकेने घरी येतात. तिच्या आईने हाच सूर लावला होता, आजीनेही. पण पंखे घरघरत होते आणि मार्लिसचा आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. दोन-चार गायींनी कान हलवले. तोंडं गव्हाणीतच राहिली.

"लावॉऽन!"

काही नाही. मार्लिस पुढे चालत गेली, थांबली, पुन्हा हाक दिली. काळ्यापांढऱ्या पाठींची रांग संपतच नव्हती. सगळ्या सारख्या दिसत होत्या आणि आपली गाय आपल्याला ओळखू येत नाही याची तिला लाज वाटली. कॅरिनला ते बघवेना. ती धावत मागे ट्रककडे आली.

"कर्ट, उतर. आई तिथे एकटी ओरडतेय."

"ग्रेग शोधून देईल म्हणाला ना."

"कर्ट!"

"मी नाही येणार, कॅरिन."

कॅरिन हात वर करून परत फिरली. आत ट्रकमध्ये ब्रिटा बापाकडे बघत राहिली. गायी विकल्या त्या दिवसापासून ब्रिटा त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. शिकून आली होती ती गोठा सांभाळायला, आणि आल्या आल्या गोठाच गेला. सप्टेंबरपासून मिनेसोटात कृत्रिम रेतनाच्या कंपनीत नोकरी धरायची, असं तिने ठरवत आणलं होतं.

"बाबा, इतकं काय आहे? आजीला एक गाय बघायचीय."

"हिशेब नव्हता," कर्ट म्हणाला.

"काय?"

"मी हिशेब करून विकल्या असं सांगितलं. हिशेब नव्हताच. अजून वर्षभर रेटता आलं असतं." तो समोरच्या काचेतून बघत बोलत होता. "क्रीमरीवाल्यांचा फोन आला, या आठवड्यात दूध उचलत नाही, ओतून द्या. टाकीचा व्हॉल्व्ह मी उघडला. सगळं शेणाच्या खड्ड्यात. मग संध्याकाळी पुन्हा धार. पुन्हा ओतायचं. गायीला कुठे कळतं? ती येते, आपल्या जागेवर उभी राहते, पान्हा सोडते. आपल्यावर विश्वास टाकून सोडते गं. आणि मी ते मागच्या दाराने ओतून देतोय. मला त्यांच्याकडे बघवेना. फसवतोय असं वाटायला लागलं. म्हणून विकल्या. उगीच आपलं हिशेब, हिशेब."

घरात एवढं सलग तो कधी बोलला नव्हता.

"आजीला सांगितलंस?"

"काय सांगू? की मला रडू येत होतं म्हणून तुझ्या गायी विकल्या?"

"हो," ब्रिटा म्हणाली. "तेच सांग."

तिने दार उघडलं, वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि त्याचंही दार उघडून उभी राहिली. बापाला खेचून काढायला तिला कमीपणा वाटला नाही. तो उतरला.

*

कर्टने हाक दिली नाही. तो रस्त्यावरून हळूहळू चालत आला, हात खिशात, मान खाली, पहाटे गोठ्यात यायचा तसा. आणि आपण काय करतोय हे लक्षात न येता दातांतल्या दातांत शीळ घालायला लागला, नेहमीचा तो बेसूर पोल्का. डाव्या रांगेत एक तोंड वर आलं. बारा-पंधरा गायी सोडून दुसरं. गव्हाणीच्या दांड्यांमधून डोकी वाकडी करून, चारा अर्धवट तोंडात धरून त्या बघायला लागल्या.

"डेलोरेस," कर्ट म्हणाला, मुळीच आवाज न चढवता. "किती खातेस."

डेलोरेसने दांड्यांतून मान पुढे काढली आणि ओलं नाक त्याच्या रविवारच्या शर्टावर पुसलं. पलीकडे फिलिस हंबरली. आणि उजव्या बाजूने, दुसऱ्या गायींना खांद्याने ढकलत, कपाळावर वाकडा पांढरा पट्टा असलेली एक मोठी गाय गव्हाणीपर्यंत घुसली.

"ही बघ, आई," तो म्हणाला. "ही घे तुझी लावॉन."

मार्लिस जवळ गेली. तिने हात पुढे केला. गायीने तो हुंगला, आणि मग मान वळवून कर्टच्या बाहीला जीभ लावली.

तेव्हा मार्लिसला कळलं, आणि कळलं ते बरं वाटणारं नव्हतं. कालवड तिच्या वडिलांनी दिली होती, नावं तिने ठेवली होती, पण पहाटे आणि संध्याकाळी, तीस वर्षं, त्यांच्या पोटाला डोकं टेकवून बसला होता तो हा. तिचं एक माणूस गेलं होतं. याचं सगळं घर गेलं होतं, आणि तेही याने स्वतःच्या हाताने घालवलं होतं. तीन महिने ती याच्यावर रुसून वड्या करत होती.

"मला ओतवत नव्हतं, आई," कर्ट गायीकडे बघत म्हणाला. "दूध. म्हणून विकल्या. दुसरं काही नव्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललीस?"

मार्लिसने पर्समधून रुमाल काढला, स्वतःसाठी नव्हे, त्याच्या शर्टासाठी, आणि चाळीस पार केलेल्या पोराचा शर्ट ती सगळ्यांसमोर पुसायला लागली. त्याने पुसू दिला.

ग्रेग दुसरीकडे बघत घसा खाकरत म्हणाला, "ही पट्टेवाली न्यायची तर न्या. घेतलेल्या भावात देतो."

"नको," कर्ट म्हणाला.

"कर्ट!" कॅरिन ओरडली. दुपारपर्यंत जोडघर जोडघर करणारी कॅरिन. "आईला ती गाय मिळाली पाहिजे. मी देते पैसे हवं तर!"

"एकटी नको म्हणतोय," कर्ट म्हणाला. "गाय एकटी राहत नाही, रात्रभर ओरडते. या तिघी दे, ग्रेग. डेलोरेस, फिलिस आणि ही."

"तिघींसाठी क्रीमरीचा ट्रक नाही यायचा, बाबा," ब्रिटा म्हणाली. तिने हे स्वतःला आवर घालायला म्हटलं होतं.

"माहितेय मला. दूध वासरांना पाजायचं. वासरं तू आण, तू वाढव. मिनेसोटातल्यापेक्षा पगार कमी पडेल."

"किती कमी?"

"काहीच नाही मिळणार."

"मग विचार करते," ब्रिटा म्हणाली, आणि वळून ट्रकच्या मागे गेली, कारण तिला कुणी रडताना बघितलेलं चालत नाही. हे तिने बापाकडूनच घेतलं होतं.

*

बुधवारी संध्याकाळी ट्रेलर अंगणात मागे मागे घेत आणला. पैशांतले थोडे गेले, बरेचसे राहिले, त्यांचं काय करायचं यावर पुढे महिनाभर सॅलड वाढलं गेलं. पण त्या संध्याकाळी कुणी तो विषय काढला नाही. ऱ्हॉन्डा ड्युटीवरून आली होती आणि गॅरेजमध्ये कपडे बदलून ओल्या केसांनी कुंपणापाशी उभी होती. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्या तीन महिने तिला आपापल्या गायींची खुशाली विचारत होत्या, आणि ती तीन महिने मास्कमागून मजेत आहेत म्हणून सांगत होती.

"उद्या आश्रमातल्या डेलोरेसला खरं सांगता येईल," ती म्हणाली.

गोठ्यात रेडिओ चालू होता. कर्टने दार सरकवलं आणि बाजूला झाला. तिघी उतरल्या, उंबऱ्यावर थांबून हुंगल्या, आणि आत गेल्या.

सगळा गोठा त्यांना मोकळा होता. ब्रिटाने दाराजवळच्या तीन दावणींपुढे चारा टाकून ठेवला होता, धार काढायला सोपं जावं म्हणून. त्याकडे तिघींनी बघितलंही नाही. फिलिस डावीकडे वळून पार मध्यावर गेली आणि आपल्या जागी उभी राहिली. डेलोरेस उजव्या ओळीत, खिडकीपाशी. लावॉन सगळ्या रिकाम्या दावणी मागे टाकत शेवटपर्यंत चालत गेली, तिची जागा तिथे होती. तिघी तीन टोकांना, मध्ये सगळं मोकळं, आणि प्रत्येक गाय शेजारणीला जागा सोडून अंग चोरून उभी.

"इकडे आणू का त्यांना?" ब्रिटाने विचारलं. "जवळ जवळ?"

"राहू दे," कर्ट म्हणाला. त्याला त्या मोकळ्या जागांतली एकेक गाय नावानिशी दिसत होती.

तो चाऱ्याची टोपली उचलून शेवटच्या टोकाला निघाला. मार्लिस त्याच्या आधीच तिथे पोचली होती. तिने एक बादली पालथी घातली, गुडघ्यांवर हात देऊन सावकाश तिच्यावर बसली, आणि गायीच्या पोटावर तळवा ठेवला. संध्याकाळची धार आटोपायची वेळ झाली होती. घरात फोन वाजायची वेळ.

कर्टने टोपली ठेवली. जाता जाता त्याने वर हात करून रेडिओ बंद केला. ऑर्विनने भिंतीला अडकवल्यापासून तो पहिल्यांदाच बंद झाला.

"लावॉन," मार्लिस म्हणाली, "ऐकतेस ना? बरंच सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मी यायला हवं होतं गं. सगळे नको म्हणाले आणि मी ऐकलं. फिलिसने तुझ्यासाठी दारात मेणबत्ती लावली होती, पण वाऱ्याने ती पेटती राहीना..."

गाय चारा चघळत उभी राहिली. मार्लिस अंधार पडेपर्यंत सांगत होती.